पाटी सगळ्यात शेवटी वाचा

वाळूज एमआयडीसीत जुना लेथ पाहायला कुणाची ओळख काढावी लागत नाही. बजाजनगरमधून निघून लहान गाळ्यांच्या कुठल्याही रांगेत शिरावे. एखाद्या दाराशी, पत्र्याच्या आडोशाला, ताडपत्री पांघरून तो उभा असतो. आत सीएनसी आले, जागा अपुरी पडू लागली आणि वर्षानुवर्षे मालकाचे घर चालवलेले मशीन बाहेर आले. भंगारवाला बिडाच्या भावाने वजन करून नेतो. कधी त्याच्या आधी आयटीआय झालेला एखादा मुलगा पोहोचतो, कधी गंगापूर-वैजापूरकडे मोटारपंपाच्या दुरुस्तीचे दुकान टाकू पाहणारा, कधी नुसताच हौशी माणूस. तो चार पैसे जास्त देऊन लेथ घरी आणतो, पहिल्याच रविवारी हातग्राइंडरला पॉलिशचे चाक लावून बेड चकचकीत करतो आणि वर हिरवा किंवा राखाडी ऑइलपेंट मारतो. लेथ दिसायला नवा होतो. कामाला मात्र होता त्यापेक्षा वाईट होतो.

चाळीस वर्षांच्या वापराने होत नाही तेवढे नुकसान हौशी दुरुस्तीच्या एका दुपारी होऊ शकते, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून नवशिक्याने क्रम उलटा धरावा. आधी माप, मग साफसफाई आणि तेल, मग दुरुस्ती. रंग असलाच तर अगदी शेवटी. ओळख पटवतानाही तेच. मशीन आधी वाचायचे, पाटी नंतर.

पाटी नंतर का, हे आपल्याकडच्या लेथचा प्रवास पाहिला की कळते. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्या भोवती सुटे भाग पुरवणाऱ्या वेंडरांचे गाळे उभे राहिले. लहान वेंडरला नवा लेथ कुठून परवडणार? सेकंडहँड यंत्रे बंद पडलेल्या गिरण्यांतून, सरकारी वर्कशॉपांच्या लिलावांतून, मुंबई-पुण्याच्या जुन्या बाजारांतून येत. खुद्द या शहरालाही यंत्रे तेव्हा नवी नव्हती. औरंगाबादची कापड गिरणी १८८९ सालची. एसटीचे मध्यवर्ती वर्कशॉप चिकलठाण्याला आहे. गिरणी असो, रेल्वे असो वा एसटी, जिथे शाफ्ट फिरतो तिथे दुरुस्तीला लेथ लागतोच. अशा प्रवासात मशीनचे तीन-चार मालक होतात. एखादा पाटी काढून ठेवतो, एखादा तिच्यावरच रंग मारतो, आणि विकणारा हुशार असेल तर नामांकित कंपनीची पाटी भलत्याच मशीनवर चढवतो. हेडस्टॉक एका लेथचा आणि टेलस्टॉक दुसऱ्याचा, असेही जोड भेटतात. पाटी म्हणजे फक्त एक साक्ष. तिची उलटतपासणी करावी लागते.

तरी बाजारात कुठली नावे भेटतात ते ठाऊक असावे. मराठी माणसाला लेथ म्हटले की किर्लोस्कर आठवतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली ती १९१० साली, आणि तिचे नाव झाले नांगरांनी. बाजारात आज दिसणारे किर्लोस्कर लेथ मात्र बहुतेक वाडीचे नसतात. ते तुंगभद्रेकाठच्या हरिहरचे असतात. तेव्हाच्या म्हैसूर संस्थानात १९४१ साली म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी निघाली, आणि तिचे ‘एंटरप्राइझ’ व ‘टर्नमास्टर’ हे लेथ आयटीआयपासून साखर कारखान्यांपर्यंत पोहोचले. दुसरे मोठे नाव एचएमटी. सरकारने स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीच्या सहकार्याने १९५३ साली बंगळूरला हिंदुस्थान मशीन टूल्स काढली, आणि तिथे पहिल्यांदा तयार झाले ते घड्याळ नव्हे, लेथच. त्याचे मॉडेल एच २२. कोइमतूरचा पीएसजी हेही शिक्षणसंस्थांतून नेहमी भेटणारे नाव. या तीन घराण्यांबाहेरचे जे उरते त्यात बटाला, लुधियाना आणि राजकोट इथल्या ओतशाळांचा वाटा फार मोठा आहे. तिथल्या लेथवर नुसते ब्रँडचे नाव असते. अनुक्रमांक असेलच असे नाही. ‘अरे, बटाल्याचाच आहे’ म्हणून जाणकार नाक मुरडतात. मला ते पटत नाही. बेड शाबूत असलेला बटाल्याचा लेथ हा बेड झिजलेल्या विलायती लेथपेक्षा केव्हाही बरा.

विलायती म्हणजे इंग्लंडमधल्या कोलचेस्टर गावचा कोलचेस्टर, नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनचा छोटा मायफर्ड, अमेरिकेच्या इंडियाना राज्यातला साउथ बेंड, अशी मंडळी. साउथ बेंडचा अनुक्रमांक बेडच्या टेलस्टॉककडच्या टोकाला, पुढची व्ही आणि सपाट पट्टी यांच्या मधल्या जागेत ठोकलेला असतो. इतर मशीनवरही हीच जागा आधी पाहावी: बेडचे उजवे टोक, रंगाच्या थरांखाली. रॉकेलचा बोळा फिरवून जुना रंग अलगद उचलला की पंचाने ठोकलेले आकडे वर येतात. ओतकामातच उठलेली अक्षरे वेगळी. ते बहुधा सुट्या भागाचे साच्यातले क्रमांक असतात, मशीनचे नव्हेत.

आता मशीन वाचू. पहिला प्रश्न, ते फिरत होते कशावर? हेडस्टॉकवर तीन-चार पायऱ्यांची रुंद, सपाट पुली असेल तर ते पट्ट्याच्या जमान्यातले मशीन. छताखालून एक लांब शाफ्ट फिरायचा आणि चामड्याचा पट्टा प्रत्येक मशीनला वेग द्यायचा. पुढे कोणीतरी पाठीमागे अँगल ठोकून त्यावर मोटर बसवलेली असते. त्या मोटरचे साल हे लेथचे साल नव्हे. हेडस्टॉक सगळा गिअरचा आणि बाहेर लिव्हर, तर मशीन नंतरचे. आट्यांसाठी गिअर प्रत्येक वेळी हाताने बदलावे लागतात की लिव्हर सरकवली की भागते, हाही एक पुरावा. ती लिव्हरची पेटी वेंडेल नॉर्टन या अमेरिकन माणसाने १८९२ साली पेटंट केली. म्हणून कारागीर तिला अजून नॉर्टन गिअरबॉक्स म्हणतात. स्पिंडलच्या नाकावर नुसते आटे असतील आणि चक त्यावर फिरवून बसत असेल, तर मशीन बहुधा जुन्या घडणीचे. असा लेथ उलटा फिरवून जोराचा कट घेऊ नये, चक सुटून अंगावर येते.

दुसरा प्रश्न, मशीन इंची की मेट्रिक? आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि पुढच्या काही वर्षांत तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. त्यामुळे डायलवर थाऊच्या, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या खुणा असतील तर मशीन परदेशी किंवा बऱ्यापैकी जुने असण्याची शक्यता वाढते. पण डायल बदललेली असू शकते. बोल्ट कोणी बदलत बसत नाही. म्हणून आतला, आडबाजूचा एखादा अर्ध्या इंचाचा बोल्ट काढावा आणि एका इंचात आटे किती ते मोजावे. १२ भरले तर व्हिटवर्थचे आटे, म्हणजे वंश इंग्रजी किंवा इंग्रजी नमुन्यावरचा देशी. १३ भरले तर अमेरिकन. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली ५५ अंशांचे आटे ठरवून दिले. अमेरिकनांनी नंतर ६० अंश धरले. व्हिटवर्थच्या बोल्टला आपला नेहमीचा पाना बसत नाही, आणि नवशिका तिथेच हैराण होतो. व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, पान्याच्या तोंडाचा नसतो. अर्ध्या इंचाचा व्हिटवर्थ पाना प्रत्यक्षात ०.९२ इंच उघडा असतो. पाइप पाना लावून डोकी गोल करण्यापेक्षा जुन्या बाजारातून दोन-चार व्हिटवर्थ पाने आणलेले परवडतात.

सुट्या गिअरांच्या डब्यात १२७ दातांचा एखादा मोठा गिअर सापडला तर समजावे, लीड स्क्रू इंची आहे आणि मालक त्यावर मेट्रिक आटे पाडत होता. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याची पाचपट १२७. लीड स्क्रूला इंचात चार आटे असतील तर त्याचा पिच ६.३५ मिलिमीटर. त्यावर दीड मिलिमीटर पिचचे आटे पाडायला स्पिंडलच्या बाजूला ३० आणि स्क्रूवर १२७ दात लावले की हिशेब तंतोतंत जुळतो. आपल्याकडे ही दुहेरी गरज आजही आहे. दुचाकीचा भाग मिलिमीटरमध्ये, आणि शेतकऱ्याचा पाइप अजून दीड-दोन इंचांत.

लेथच्या आकाराबद्दलही बाजारात घोटाळा होतो. आपल्याकडे लेथ फुटांवर विकतात: साडेचार फुटी, सहा फुटी, आठ फुटी. हे फूट बेडचे. सहा फुटी लेथवर सहा फुटांचा जॉब लागत नाही. हेडस्टॉक आणि टेलस्टॉकने अडवलेली जागा वजा जाता दोन सेंटरांमध्ये साधारण तीन-सव्वातीन फूट उरतात. इंग्रज आणि आपण सेंटरची उंची सांगतो, अमेरिकन तिची दुप्पट, म्हणजे फिरू शकणाऱ्या जॉबचा व्यास सांगतात. त्यांचा नऊ इंची तो आपला साडेचार इंची. एचएमटीच्या मॉडेलमधला २२ हा आकडाही सेंटिमीटरमधली सेंटरची उंचीच आहे.

गिअरपाशी मात्र जरा थांबतो, कारण जुन्या लेथमध्ये हमखास तुटलेला सापडतो तो गिअरचा दात, आणि नवीन गिअर पाडून घेताना हमखास चूक होते ती इथेच. समजा एक गिअर हातात आला. दात मोजले, ४० भरले. व्हर्निअरने बाहेरचा व्यास घेतला, ८८.९ मिलिमीटर. मेट्रिक गिअरचा नियम असा की बाहेरच्या व्यासाला दातांच्या संख्येत दोन मिळवून भागायचे, की मॉड्यूल मिळते. ८८.९ भागिले ४२, उत्तर २.११७. असे मॉड्यूल कुठल्याही कटरवर लिहिलेले नसते. गिअर पाडणारा म्हणतो, झिजलाय, दोनच्या मॉड्यूलचा असणार, करून देतो. आणि तो गिअर बसत नाही. दोनच्या मॉड्यूलचा ४० दाती गिअर ८४ मिलिमीटरचा असतो, जवळजवळ पाच मिलिमीटर लहान. शिवाय झीज व्यास कमी करते, वाढवत नाही. तोच गिअर इंचात मोजा. ८८.९ मिलिमीटर म्हणजे बरोबर साडेतीन इंच. ४२ भागिले साडेतीन, उत्तर १२. आकडा गोल आला. हा १२ डीपीचा (डायमेट्रल पिचचा), इंची घराण्यातला गिअर. एका व्हर्निअरने दोन मिनिटांत मशीनच्या जन्माचा पक्का पुरावा दिला, आणि वर वाया जाणारा खर्च वाचवला. पुढे दाताचा कोन साडेचौदा अंशांचा की वीस अंशांचा हेही पाहून घ्यावे लागते. जुन्या मशीनवर साडेचौदा बराच भेटतो.

ओळख पटली, आता घ्यायचा की नाही? यात तीनच गोष्टी निर्णायक आहेत, बाकी सगळे करून घेता येते.

पहिली, बेड. लेथवरची बरीच कामे लहान असतात, म्हणून कॅरेज आयुष्यभर चकजवळच्या फूट-दीड फुटात मागेपुढे होते आणि झीज तिथेच होते. बेडच्या व्हीवरून नख फिरवा. जिथे कॅरेज कधी पोहोचलेच नाही त्या भागाच्या हद्दीवर नख अडकते. जेवढी पायरी मोठी तेवढी झीज मोठी. दुसरी परीक्षा हाताची. कॅरेज चकजवळ आणून जिब आणि खालच्या पट्ट्या ढिल जाईपर्यंत आवळायच्या, आणि मग कॅरेज टेलस्टॉककडे न्यायचे. वाटेत ते जाम झाले तर बेड झिजलेला आहे. थोडे जड झाले तर चालते. शंभर वर्षांपूर्वीच्या मशीनने थोडेही जड होऊ नये ही अपेक्षा अवास्तव आहे. बेड पुन्हा ग्राइंड करून मिळतो, पण त्याचा आणि वाहतुकीचा खर्च लेथच्या किमतीपलीकडे जाऊ शकतो.

दुसरी, स्पिंडल. चकमध्ये जाड बार पकडून त्याखाली लाकडी दांड्याने उचल द्यायची आणि स्पिंडलच्या नाकावर डायल गेज ठेवून काटा किती हलतो ते पाहायचे. जुन्या मशीनमध्ये गनमेटलचे बुश किंवा व्हाइट मेटल असते. त्यात तेलाच्या थरापुरती एक-दोन थाऊ जागा हवीच. काटा चार-पाच थाऊ उचलला गेला तर बुश आवळता येतात का, शिम काढून भागते का, हे पाहावे लागते.

तिसरी, तडा. हेडस्टॉकचे पाय, गॅपच्या, म्हणजे चकसमोरच्या खाचेच्या, बाजूचा बेड, टेलस्टॉकचा तळ, ऍप्रनची पेटी. कुठे जाड वेल्डिंगचा वळ दिसला, किंवा एकाच जागी पुट्टी जास्त वाटली, तर तिथे खरवडून पाहावे. बीड जोडता येते, निकेलच्या रॉडने किंवा पितळाच्या जोडाने, आणि चांगला जोड टिकतोही. पण स्पिंडलच्या बैठकीतून गेलेला तडा असेल तर हात जोडून घरी यावे.

क्रॉस स्लाइडच्या हँडलला पाव फेऱ्याची ढिल असेल तर घाबरू नये. विकणाराही त्यावरून शरमतो आणि घेणाराही भाव पाडतो, पण ती ढिल जॉब बिघडवत नाही. टूल नेहमी एकाच बाजूने पुढे घ्यायची सवय असली की झाले. नट नवा करणे हे तर नवशिक्याचे पहिले चांगले काम. फक्त एक लक्षात असावे: हा स्क्रू सहसा डाव्या आट्यांचा असतो, म्हणजे हँडल घड्याळाच्या दिशेने फिरवले की टूल पुढे जाते. हे माहीत नसल्याने स्क्रू ‘जाम झाला’ म्हणून हातोड्याने ठोकणारे कमी नाहीत.

घरी आणताना क्रेनचा पट्टा बेडभोवती घालावा, लीड स्क्रूखालून कधीही नाही. वाकलेला लीड स्क्रू सरळ करणे महाग पडते. सहा फुटी लेथचे वजन टनाच्या आसपास असते आणि त्यातले बरेचसे हेडस्टॉककडे. कॅरेज आणि टेलस्टॉक आधी उजव्या टोकाला नेऊन आवळले की तोल थोडा सावरतो. लेथ वरच्या अंगाला जड असतो, ढकलताना आडवा होतो. हे काम वाहतूकवाल्या अनुभवी माणसांना द्यावे आणि आपण लांब उभे राहावे.

मराठवाड्याच्या कोरड्या हवेचा एक फायदा आहे. कोकणात पावसाळाभर उघड्यावर राहिलेला लेथ खोलवर गंजतो. इथे बहुधा वरवरचा तांबूस थर असतो. त्याऐवजी इथे धूळ आहे, आणि धूळ तेलात मिसळली की ती कानशीसारखे काम करते. म्हणून पहिले काम धुणे. रॉकेल किंवा डिझेल, पितळी ब्रश, कापड. मग पुन्हा तेच. सुटे, गंजलेले लहान भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून बॅटरी चार्जरने गंज काढण्याची पद्धत चांगली आहे: भाग उणे टोकाला, साधा लोखंडी गज अधिक टोकाला. गजाच्या जागी स्टेनलेस स्टील लावू नये, पाण्यात विषारी क्रोमियम उतरते. हे काम उघड्यावर करावे, त्यातून हायड्रोजन निघतो. जुन्या रंगात शिसे असू शकते, त्यामुळे तो कोरडा घासून धूळ उडवू नये.

बेडला आणि स्लाइडांना पॉलिश पेपर, एमरी, ग्राइंडर, यांपैकी काहीही लावू नये. बीड हे सच्छिद्र असते, एमरीचे कण त्यात रुतून बसतात आणि पुढे वर्षानुवर्षे जोडभाग घासत राहतात. शिवाय बेडचा सरळपणा हा हाताने, पट्टीपट्टीने, स्क्रेपरने आणलेला असतो किंवा मोठ्या मशीनवर ग्राइंड केलेला असतो. तळहाताने दाबून घासले की तो कुठे आणि किती गेला हे सांगता येत नाही. जुन्या बेडवर अजून स्क्रेपरच्या चंद्रकोरीसारख्या खुणा दिसत असतील तर त्या दागिने समजून जपाव्यात. त्या खुणा म्हणजे तिथे झीज पोहोचलेली नाही याची पावती. गंजाचे डाग तेल लावून बोथट पात्याने किंवा पितळी ब्रशने काढावेत. काळसर छटा राहिली तर राहू द्यावी, तिने जॉब बिघडत नाही.

उघडताना मोबाइलने फोटो काढत जावे आणि एका वेळी एकच भाग खोलावा: टेलस्टॉक, मग वरची स्लाइड, क्रॉस स्लाइड, ऍप्रन. हेडस्टॉक बेडवरून उतरवायची घाई करू नये, बहुतेक वेळा गरजही नसते. गिअर किंवा कॉलर शाफ्टवर टेपर पिनने बसवलेली असेल तर पिनेची बारीक बाजू कोणती ते आधी मोजावे आणि तिथूनच ठोकावे. उलट बाजूने ठोकली की ती आणखी घट्ट बसते. जाता जाता त्या पिनेचा उतारही पाहता येतो: इंची पिनेचा ४८ ला १, मेट्रिकचा ५० ला १. वंशाचा आणखी एक पुरावा.

मग तेल. जुन्या मशीनवर जागोजाग तेलाची छिद्रे असतात आणि ती निम्मी रंगाने किंवा ग्रीसने बुजलेली असतात. ती तारेने मोकळी करणे हे सगळ्या दुरुस्तीतले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फायद्याचे काम. तेलाच्या छिद्रात ग्रीस भरू नये. स्लाइडांना ६८ ग्रेडचे स्लाइडवे तेल, बुशाच्या स्पिंडलला त्याहून पातळ. गाडीचे काळे झालेले इंजिन ऑइल फुकट मिळते म्हणून ओतणे ही आपल्याकडची जुनी खोड; ती सोडावी. खंडेनवमीला झेंडूची माळ आणि हळद-कुंकू बेडवर वाहतो तेव्हाही दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढे पुसून तेलाचा हात फिरवावा. ओल्या फुलांचे ठिपके बेडवर गंज होऊन राहतात. पूजा हेडस्टॉकवर केली तरी देवाला पोहोचते.

मोटर बहुधा तीन फेजची असते आणि बजाजनगरच्या घरात एकच फेज. व्हीएफडी ड्राइव्हने मार्ग निघतो, पण मोटरच्या टर्मिनलची जोडणी त्यासाठी बदलावी लागू शकते. ते वायरमनचे काम. अर्थिंग, लाल बटण आणि पट्ट्यावर जाळी, या तीन गोष्टींशिवाय मशीन सुरू करू नये. गेलेली वीज परत आल्यावर लेथ आपोआप फिरू लागणार नाही असा स्टार्टर हवा. चकची चावी चकमध्ये सोडू नये; हातमोजे, लांब बाह्या आणि ओढणी मशीनपासून दूर.

शेवटी बसवणी, आणि बहुतेक जण चुकतात ते इथे. सरळ बेडही वाकड्या फरशीवर बोल्टने आवळला की पिळतो. पिळलेला बेड झिजलेल्या बेडसारखाच वागतो, आणि मालक चांगल्या लेथला नावे ठेवतो. बर्लिनचे प्राध्यापक गेऑर्ग श्लेसिंगर यांनी १९२७ साली यंत्रांच्या चाचण्यांचे जे पुस्तक लिहिले त्याचा दाखला कारखान्यांतून दिला जातो. आपल्याला त्यातली एकच गोष्ट पुरेशी आहे. एक जाड बार चकमध्ये पकडायचा, टेलस्टॉकचा आधार द्यायचा नाही, आणि त्यावर सहा-सात इंचांच्या अंतराने दोन कॉलर ठेवून मधला भाग उतरवायचा. मग टूलला हात न लावता दोन्ही कॉलरांवरून एकच बारीक कट घ्यायचा आणि मायक्रोमीटरने दोन्ही मोजायच्या. फरक आला तर टेलस्टॉककडच्या पायाखाली पातळ शिम घालून किंवा काढून पुन्हा कट घ्यायचा. एका पायाखाली कागदाच्या जाडीची पट्टी सरकवल्याने दोन कॉलरांमधला फरक निम्म्यावर येताना पाहिला की बीडसुद्धा किती लवचीक असते ते समजते. अचूक लेव्हल मिळाली तर उत्तम, नसेल तर या परीक्षेने काम भागते.

हे सगळे एकट्याने करायची गरज नाही, निदान इथे तरी नाही. वाळूजमध्ये १९८५ ते ९० च्या दरम्यान विशीत कामाला लागलेली टर्नर-फिटरची पिढी आता निवृत्त झाली आहे किंवा होते आहे. बजाजनगर, रांजणगाव, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी, कुठल्याही गल्लीत ‘काका, लेथवर होतात का?’ असे विचारले तर हो म्हणणारा माणूस भेटेल. त्यांना चहाला बोलवा आणि मशीन दाखवा. पुस्तकातल्या दहा पानांचे काम ते चक हाताने फिरवून, आवाज ऐकून करतात. पाटी वाचायची वेळ आता आली. अनुक्रमांक, मॉडेल, गाव, जे मिळेल ते वहीत लिहा, आणि तुमच्या मापांशी जुळते का ते पाहा. जुळत नसेल तर मापांवर विश्वास ठेवा.

आणि एक विनंती विकणाऱ्या गाळेमालकांना. लेथ बाहेर काढाल तेव्हा सुट्या गिअरांचा डबा, फेसप्लेट, स्टेडी, चार जबड्यांचे चक आणि गॅपचा तुकडा वेगळा काढून किलोवर देऊ नका. भंगारात त्यांचे काही फार पैसे येत नाहीत, आणि त्यांच्यावाचून लेथ अपंग होतो. गॅपचा तुकडा तर त्याच बेडवर बसवून तयार केलेला असतो, दुसऱ्या मशीनचा त्या जागी बसत नाही. डब्यावर खडूने मशीनचे नाव लिहा आणि लेथसोबत गाडीत चढवा.